लामीनची चाळिशी

मोंजियाला चाळिशी लागली त्रेपन्नाव्या वर्षी, असं ती स्वतः सांगायची. खरं तर ती येऊन दारात उभी राहिल्याला आठ वर्षं होऊन गेली होती. मोंजियाने तिला घरात घेतलं नव्हतं इतकंच. महदियासारख्या कोळ्यांच्या गावात नवरीच्या अंगरख्यावर जरीचं काम करणाऱ्या बाईने चष्मा लावला, की मुलींच्या आया दुसरं दार शोधू लागतात. आपल्या आईच्या बाबतीत तिने ते बघितलं होतं. म्हणून ती कापड डोळ्यांपासून लांब धरायची. पुढे आणखी लांब. मग एक दिवस हातच पुरेनात, आणि एका जरीच्या माशाला तिने दोन शेपट्या काढल्या. नवरीची आई भली होती. "असू दे गं," ती म्हणाली, "पोरीला जुळी होतील." पण रात्रंदिवस केलेलं काम उसवताना मोंजियाला घाम फुटला आणि दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने नाजी चष्मेवाल्याची पायरी चढली.

नाजी तिच्या माहेरच्या गल्लीतला. तोंडाचा फाटका, हाताचा चोख. त्याने तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर काचांमागून काचा चढवल्या आणि निकाल दिला.

"अडीच नंबर, मावशी. जवळचा. लांबचं मात्र अजून घारीसारखं दिसतंय तुम्हाला. शेजारणीच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते सांगाल."

"ते मी चष्मा नसतानाही सांगत होते. मला असं काहीतरी दे की कुणाला कळता कामा नये."

"तेही आहे. साधी चाळिशी घ्या, कामापुरती नाकावर ठेवा. पण ती घालून उठायचं नाही. हातभराच्या पलीकडचं सगळं धुकं होतं. दुसरी दुभागी काच, वर लांबचं, खाली जवळचं. तिच्यात मधे रेघ असते आणि ती लोकांना दिसते. तिसरी बिनरेघेची. वर लांबचं, मधे समोर बसलेल्या माणसाचं, खाली सुईचं. आठवडाभर जिन्याच्या पायऱ्या हलतात, मग डोळा शिकतो. आणि अगदीच चोरून हवं असेल तर डोळ्यात घालायची लेन्स. एकाच डोळ्याला, जवळची. दुसरा डोळा लांबचं बघतो. कुठल्या डोळ्याचं ऐकायचं ते मेंदू आपला आपण निवडतो."

"माझ्या मेंदूला निवड कळत असती तर मी कोळ्याशी लग्न केलं असतं?"

नाजी हसायला लागला आणि मधेच गप्प झाला. लामीनचा विषय निघाला की महदियातली सगळीच माणसं अशी मधेच गप्प व्हायची. मोंजियाने बिनरेघेची काच सांगितली, पंधरा दिवसांनी येते म्हणाली आणि पदर सावरून उतरली.

लामीन, म्हणजे तिचा नवरा, बुडाल्याला सात वर्षं झाली होती. बुडाला असं गाव म्हणायचं. मोंजिया म्हणायची, 'गेलाय.' बाजारात गेलाय म्हणतात तसं. त्या दिवशी होडीवर दोघे भाऊच होते, लामीन आणि धाकटा जिलानी, आणि परत आला तो एकटा जिलानी. त्याने पोलिसांना, इमामांना, धक्क्यावरच्या प्रत्येकाला एकच हकिकत सांगितली. लामीन नाकावर चाळिशी लावून होडीच्या कडेला जाळं सांधत बसला होता. आडवी लाट आली आणि त्याला जाळ्यासकट घेऊन गेली. चार दिवस होड्या फिरल्या, हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी बायका मोंजियाला घेऊन बसायला आल्या. विधवेने चार महिने दहा दिवस बसायचं असतं. तिने त्यांना चहा पाजला आणि म्हणाली, "प्रेत दाखवा, लगेच बसते." प्रेत कुठून दाखवणार? 

मूलबाळ नव्हतं. जिलानी त्यानंतर तिच्या उंबऱ्याला आला नाही, पण दर शुक्रवारी कुणाच्या तरी हाती मासे मात्र चुकल्याशिवाय येत. ती ते शिजवायची, दोन ताटल्या मांडायची आणि एकीतलं जेवायची. असं एक दोन नाही, सात वर्षं चाललं. वेडी नव्हती ती. जिथे पाय टेकायला जागाच ठेवलेली नाही तिथे माणूस असाच अधांतरी राहतो.

नाजीकडे जाऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुपारी मशिदीतल्या बायकांच्या दालनात कुराणाचा वर्ग भरायचा. वर्ग घ्यायची बेय्या. ती वयाने साठीची, आवाजाने तिशीची. मोंजिया पुस्तक लांब धरून ओठ हलवत होती, ते बेय्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"पाठ असल्यासारखं दाखवू नकोस. गेल्या गुरुवारी याच पानावर तू दोन ओळी गिळल्यास. डब्यातला एक चष्मा घे."

हा डबा सगळ्यांच्या ओळखीचा होता. मेलेल्या माणसाचा चष्मा महदियात कुणी घरी ठेवत नाही आणि फेकतही नाही. मशिदीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. त्या काचांतून कुणी एक ओळ वाचली तरी तिचं पुण्य चष्म्याच्या मालकाला पोचतं. टाकताना नाव सांगायचं नाही, उचलताना विचारायचं नाही. डबा मुळात पुरुषांच्या बाजूला असे. रमजानला दोनच महिने उरले म्हणून बेय्याने भांडून त्यातले निम्मे चष्मे बायकांकडे आणले होते. "तिकडे वाचणारे किती आणि घोरणारे किती, मला माहीत नाही का?" असं ती भर दालनात म्हणाली होती.

मोंजियाने पहिला चष्मा घातला, त्यात अक्षरं उंटाएवढी दिसली. दुसऱ्याचं नाक मोडलं होतं. तिसरा घातला आणि पान एकदम जागं झालं. काळी कुळकुळीत अक्षरं, त्यांच्यावरचे ठिपके, ठिपक्यांवरच्या मात्रा. कित्येक वर्षांनी तिने आख्खं पान न अडखळता वाचलं, आणि तिला लहान मुलीसारखा आनंद झाला. मग चष्मा काढायला तिने हात वर नेला, आणि डाव्या काडीवर बोटाला काहीतरी खरखरलं.

काडीच्या सांध्याला जर गुंडाळलेली होती. बोटाने मोजले तर अकरा वेढे. शेवटची गाठ आतल्या बाजूला वळवलेली, कानाला टोचू नये म्हणून.

अशी गाठ महदियात एकच बाई मारत होती. लामीन एकदा स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता आणि तिने नवरीच्या अंगरख्यातून उरलेल्या जरीने काडी बांधून दिली होती. धक्क्यावर त्याला महिनाभर 'नवरीबाई' म्हणून चिडवत होते, आणि तो मुद्दाम मान वेळावून दाखवायचा.

मोंजियाने काडीवरून बोट पुन्हा एकदा फिरवलं. तिने भिंतीला पाठ टेकली.

"बेय्या, हा कुणी टाकला?"

"मला काय ठाऊक? तिकडून आलाय."

"विचारून सांग."

"शहाणी आहेस ना तू? देणाऱ्याला हुडकून काढलं की दान वाया जातं. कुणा बिचाऱ्याचं पुण्य कशाला बुडवतेस?"

 मोंजियाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता आणि तो कुणाही शहाण्या बाईने केला असता. चष्मा लामीनच्या नाकावर होता. नाक बुडालं असतं तर चष्मा बुडाला असता. चष्मा जमिनीवर आलाय, म्हणजे त्याच्या मागचं माणूसही आलंय. कुठल्या बेटावर लागला असेल, कुठे पडून राहिला असेल, डोकं फिरलं असेल, लाज वाटत असेल. पण आपल्याच गावच्या मशिदीपर्यंत आला आणि घरापर्यंत आला नाही! ह्या विचाराने तिला आनंदही झाला आणि इतका संतापही आला, की चष्मा काढायचा राहून गेला आणि ती तशीच बाहेर पडली.

नाजीने सांगितलं होतं ते खरंच होतं. हातभराच्या पलीकडे गाव उरलंच नव्हतं. पांढऱ्या भिंती विरघळून वाहत होत्या, माणसं डाग होऊन येत आणि जवळून आवाज देऊन जात. ओळखीच्या दगडांवरून पाय आपसूक चालत होते. ते तिला जुन्या बंदराकडे घेऊन गेले, जिथे आता मोठ्या होड्या येत नाहीत आणि दुपारनंतर चिटपाखरूही नसतं. पडक्या भिंतीपाशी ती थांबली.

धक्क्याच्या अगदी टोकाला, शंभरेक पावलांवर, लामीन बसला होता.

निळा कामाचा डगला. मांडीवर जाळ्याचा ढीग. मान किंचित डावीकडे कललेली, तो काम करताना कलायची तशी. चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसता फिका डाग होता. पण पंचवीस वर्षं जो खांदा उशाशी होता तो ओळखायला चेहरा कशाला हवा? तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे पाऊल टाकलं तर जाईल असं तिला वाटलं. चष्मा काढला तर नक्कीच जाईल. ती तिथेच उभी राहिली. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, निळा डाग उठला, जाळं खांद्यावर घेऊन समुद्राच्या बाजूने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तो होता. तिसऱ्या दिवशीही होता. मग तो तिचा रोजचा परिपाठच झाला. दुपार कलल्यावरची अस्रची नमाज झाली की दाराला कडी घालायची, गल्लीच्या कोपऱ्यावर लामीनची चाळिशी चढवायची आणि भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं. ती त्याच्याशी हलक्या आवाजात बोलायची. अंजिराला यंदा कीड लागली. गच्ची गळते, पण गवंडी भाव खातो. तुझी आई गेली, जाताना तुझंच नाव घेत होती, माझं नाही. एकदा तिने त्याला भरपूर शिव्या दिल्या आणि त्याच दमात म्हणाली, "घरी ये. काही विचारणार नाही." निळा डाग मान वर करून तिच्याकडे बघायचा. ती दिसली की त्याचे हात थांबायचे. त्याला आपण दिसतो, हे तिला कळत होतं आणि तेवढ्यावर ती रात्र काढत होती.

पंधरा दिवसांचा महिना झाला. नाजीने निरोप पाठवला, मग दुसरा पाठवला. शेवटी तो स्वतःच मासळीबाजारात आडवा आला.

"मावशी, तुमचा चष्मा माझ्या कपाटात म्हातारा व्हायला लागला. आणि हे काय लावून हिंडताय? ही वाचायची आहे. परवा तुम्ही गाढवाला सलाम केलात, लोक सांगतात."

"गाढवाने उत्तर दिलं. तुझ्यापेक्षा बरं दिलं." मग तिने आवाज उतरवला. "नाजी, खरं सांग. ह्या काचेतून जे नाही ते दिसतं का?"

नाजीने तिच्या नाकावरचा चष्मा बघितला, डाव्या काडीवरची जर बघितली. हा चष्मा त्यानेच बनवला होता. त्याच्या तोंडचा विनोद तिथेच वाळला.

"ह्यातून लांबचं काहीच दिसत नाही, मावशी," तो सावकाश म्हणाला. "डाग दिसतो. बाकीचं माणूस स्वतःच्या मनाने भरतं. येऊन नवा घेऊन जा. आज या."

ती गेली नाही. नव्या काचेत वरच्या बाजूला लांबचं स्वच्छ दिसणार होतं, आणि ते तिला नको होतं. कोण स्वतःच्या हाताने नवऱ्याला पुसून टाकेल?

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मासे आले नाहीत. दुपारच्या नमाजानंतर ती अंगणात अंजिराखाली बसून जरीचं काम करत होती, चाळिशी नाकावरच होती. दार लोटल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली. दाराच्या चौकटीत, बाहेरच्या उजेडाला पाठ करून, निळा डगला उभा होता. मान डावीकडे कललेली.

तिच्या मांडीवरचं कापड खाली पडलं. सुई कुठे गेली तिला कळलं नाही. ती उठली, आणि सात वर्षांचं सगळं एकाच शब्दात बाहेर आलं.

"आलास?"

"वहिनी," डाग म्हणाला, "आता बघू नकोस माझ्याकडे."

आवाज जिलानीचा होता.

तिने चष्मा ओरबाडून काढला. चौकटीत जिलानी उभा होता, तिचा धाकटा दीर, सात वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारा झालेला. तो उंबऱ्यावरच बसला.

"महिना झाला," तो म्हणाला. "रोज येतेस, भिंतीपाशी उभी राहतेस आणि त्याचा चष्मा लावून माझ्याकडे बघतेस. एक शब्द बोलत नाहीस. मला समजलंय की तुला समजलंय. पोलिसात दे, गावासमोर थुंक माझ्यावर, पण असं बघू नकोस. मी माणूस आहे गं."

मोंजियाला काहीच समजलं नव्हतं. हळूहळू समजत होतं, ते एवढंच, की महिनाभर जुन्या धक्क्यावर कोण बसत होतं.

"तू तिथे का बसतोस?" तिने विचारलं.  "तुझी होडी तर नव्या बंदरात असते."

"नव्या बंदरात हसतात. मला गाठी दिसत नाहीत आता. चाचपून सांधतो, वेडंवाकडं होतं. चष्मा होता तोवर ठीक होतं."

"कुठला चष्मा?"

त्याने तिच्या हाताकडे बोट केलं, आणि मग तो बोलत सुटला. फोड फुटल्यावर थांबवता येत नाही तसं.

लाट आलीच नव्हती. जाळं होडीखालच्या पंख्यात अडकलं होतं आणि इंजिन बंद पडलं होतं. फेब्रुवारीचं पाणी. उतरायची पाळी जिलानीची होती, पण त्याला आदल्या दिवशीचा ताप होता, निदान तो तसं म्हणाला. लामीन म्हणाला, बस तू, मी जातो. डगला काढला, सुरी घेतली, नाकावरची चाळिशी काढून धाकट्याच्या तळहातावर ठेवली. "सांभाळ. पडली तर तुझी वहिनी मला परत घरात घ्यायची नाही." आणि उतरला. खालून होडीच्या तळावर सुरीच्या मुठीने ठोकायचं, ही महदियाच्या कोळ्यांची जुनी रीत. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे मोकळं झालं, मी बाजूला आहे, इंजिन चालू कर.

"दोन आले, वहिनी. वल्ला, शपथेवर सांगतो, दोन आले. मी दोन ऐकले. दोन ऐकूनच चालू केलं."

 मोंजियाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याच्या पाठीमागे रस्त्याचा पांढरा उजेड होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

"मग?"

"मग काय. पाण्याचा रंग बदलला." त्याने तोंड पुसलं. "किनाऱ्याला लागेपर्यंत लाटेची गोष्ट तयार झाली होती. नाकावर चष्मा होता असं मी का म्हणालो मलाच माहीत नाही, खरं वाटावं म्हणून असेल. आणि मग खिशात हात घातला तर तो माझ्याच खिशात. आता कुणाला देऊ? कसा देऊ?"

पाच वर्षं तो ट्रंकेच्या तळाशी होता. मग जिलानीला स्वतःलाच जवळचं दिसेनासं झालं. नाजीकडे जावं तर तो नंबर काढताना गप्पा मारणार, लामीनचा विषय काढणार. घरात चष्मा तर होता. एके दिवशी त्याने तो घातला. गाठ स्पष्ट दिसली. समाधानाने मान वर केली, आणि समोर होडीच्या टोकाशी लामीन उभा.

"ओला. हात असा पुढे केलेला. बोलत नाही. चष्मा मागतो. काढला की नाहीसा होतो, पण काढून काम कसं करू? दोन वर्षं, वहिनी. रोज हात पुढे. शेवटी रात्री झोपेत पण माझ्या तळहातावर चष्म्याचं वजन लागायला लागलं. म्हणून मशिदीत टाकला. म्हटलं, लोक वाचतील, त्याला पुण्य पोचेल, तो शांत होईल. समुद्रात टाकला असता तर थेट त्याच्याच हातात गेला असता. मग तो त्यातून बघत माझ्यापर्यंत आला असता."

 मोंजियाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या, आणि दोन्हींची तिला लाज वाटली. एक, मत्सर, की लामीन ह्याच्यासमोर येऊन उभा राहत होता आणि आपल्यासमोर एकदाही आला नाही. आणि दुसरी, किळस. महिनाभर ती जुन्या धक्क्यावर ज्याला अंजिराची कीड सांगत होती, ज्याला घरी ये म्हणत होती, ज्याच्या खांद्याकडे बघून रात्री काढत होती, तो खांदा ह्याचा होता.

"जा," ती म्हणाली.

"वहिनी, दोन ठोके होते—"

"किती वेळा सांगशील? जा आता."

तो गेला. ती अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली. तिने पुन्हा एकदा लामीनची चाळिशी चढवली आणि दाराकडे बघितलं, अंजिराकडे बघितलं, गच्चीकडे बघितलं. सगळं धुकं होतं, नुसतं धुकं. त्यात कुणीही नव्हतं. तिचं मन भरायला तयारच नव्हतं.

सकाळी ती नाजीच्या दुकानी गेली. त्याने काही विचारलं नाही, ही त्याच्या आयुष्यातली मोठीच गोष्ट म्हणायची. नवा चष्मा तिच्या कानांवर बसवला, काड्या गरम करून वाकवल्या.

"डोळे फिरवायचे नाहीत, मावशी, मान फिरवायची. ज्याच्याकडे बघायचंय त्याच्याकडे नाक करायचं. कडेला थोडं हलेल. आणि पायऱ्या जपून."

पायऱ्या हलल्या. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय चुकला, तिने भिंत धरली. मग गाव एकदम समोर आलं. चुन्याच्या भिंतींवरचे पोपडे, तारेवरचे मोजे, टेकाडावरच्या कबरी एकेक करून वेगळ्या, आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची सुरीसारखी रेघ. सगळं होतं तिथेच होतं. त्यात लामीन कुठेच नव्हता.

जिलानी आज जुन्या धक्क्यावर नव्हता. तपास करत ती नव्या बंदरात पोचली. माणसांची वर्दळ होती. बायका टोपल्यांपाशी बसून सार्डिन निवडत होत्या, पुरुष बर्फ फोडत होते. जिलानी आपल्या होडीसमोर, सगळ्यांच्या देखत, जाळ्यात बोटं अडकवून बसला होता. तिला येताना बघून तो उठला नाही. ती त्याच्यासमोर उलट्या टोपलीवर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

तिने नाक त्याच्याकडे केलं, आणि काचेचा मधला भाग त्याच्या चेहऱ्यावर आणला. आता तो स्वच्छ दिसत होता. लामीनची कलती मान, पण डोळे लामीनचे नव्हते. पापणीची फडफड दिसत होती. ओठाच्या कोपऱ्यात मीठ साचलं होतं तेही दिसत होतं.

"मी पोलिसात जाणार नाही," ती म्हणाली. "गावातही सांगणार नाही. मला एकच हवंय. माझ्याकडे बघून सांग. किती ठोके?"

"दोन," त्याचे ओठ म्हणाले. डोळे म्हणाले नाहीत.

"जिलानी. मी बघतेय."

त्याने जाळं बाजूला केलं. दोन्ही तळहात मांडीवर उताणे पडले, काहीतरी ठेवायला जागा करावी तसे.

"एक," तो म्हणाला. "एकच आला, वहिनी. एकच. मी दुसऱ्याची वाट बघितली. मला थंडी वाजत होती. वारा उलटा फिरला होता. मी म्हटलं, येईलच दुसरा."

थांब, असं लामीन म्हणाला होता. खालून, गार पाण्यातून, सुरीच्या मुठीने. ते शेवटचं बोलणं आज सात वर्षांनी मोंजियापर्यंत पोचलं, आणि ती तर तेवढंच करत आली होती. थांबली होती.

तिने नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि गळा काढला. महदियात बाया मयतावर काढतात तसा, उभा, लांब, छाती फाटेल असा. बर्फ फोडणारे थांबले. सार्डिन निवडणाऱ्या बायका हात तसेच ठेवून वळल्या. त्यांच्यातली एक म्हातारी ओले हात पुसत धावत आली आणि तिला पोटाशी धरलं.

"काय झालं गं बाई? कोण गेलं?"

"माझा नवरा," मोंजिया म्हणाली. "आत्ता गेला."